हिशेब ब्लूफिनचा, मासा चणक: गोव्यात समुद्री पिंजरा कसा उभारायचा

दर जानेवारीत टोकियोच्या मासळी बाजारातल्या नववर्षाच्या लिलावाची बातमी आपल्याकडेही फिरते. २०१९ साली २७८ किलोच्या एका ब्लूफिन टुनाला ३३ कोटी ३६ लाख येन मिळाले होते. घेणाऱ्याची सुशीच्या हॉटेलांची साखळी होती, त्यामुळे एवढे पैसे माशाइतकेच बातमीसाठीही मोजले गेले. तरी बातमी आली की किनाऱ्यावरची तरुण मंडळी विचारतातच: टुनाच्याच कुळातला कुपा आपल्याकडे मिळतो, गेदर मिळतो, मग ब्लूफिन गोव्यात पाळायला काय हरकत आहे?

हरकत पाण्याचीच आहे. ब्लूफिनच्या तीन जाती आहेत: अटलांटिक, पॅसिफिक आणि दक्षिणी. तिन्ही थंड पाण्यात चरून मोठ्या होतात. दक्षिणी ब्लूफिन अंडी घालायला जावा बेट आणि वायव्य ऑस्ट्रेलियाच्या मधल्या गरम समुद्रात येतो खरा, पण अंडी घालून झाली की पुन्हा दक्षिणेच्या गारव्यात निघून जातो. त्याच्या अंगात स्नायूंची ऊब धरून ठेवणारं रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. थंड समुद्रात ते वरदान ठरतं, गोव्याच्या कोमट पाण्यात ओझं. शिवाय त्याला सतत पोहावं लागतं, कारण थांबला की कल्ल्यांतून पाणी फिरत नाही आणि तो गुदमरतो.

तेव्हा पिंजऱ्यात ठेवायचा तो आपला चणक, रायगड-रत्नागिरीकडचे लोक ज्याला जिताडा म्हणतात तो. ब्लूफिनकडून फक्त हिशेब घ्यायचा.

आधी ब्लूफिनचा हिशेब

जगात ‘शेतातला ब्लूफिन’ म्हणून जो विकला जातो, त्यातला बराचसा पाळलेला नसतो, पुष्ट केलेला असतो. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट लिंकनला जाळ्याने जिवंत मासा घेरतात, तरंगत्या पिंजऱ्यात घालून बोटीमागून अगदी संथ ओढत किनाऱ्याजवळ आणतात आणि काही महिने तारले खाऊ घालून चरबी चढवतात. माल्टा, क्रोएशिया, स्पेन, तुर्कस्तान इथेही थोड्याफार फरकाने हेच चालतं. म्हणजे समुद्रातला मासा कमी होतोच, वर त्याला घालायला आणखी मासे पकडावे लागतात. एक किलो वाढीसाठी दहा ते वीस किलो ओली मासळी लागते. एकेकाळी पॅसिफिक ब्लूफिनचा साठा मासेमारीपूर्व काळाच्या तीन टक्क्यांच्याही खाली गेला होता. पकडीचे कोटे कडक केल्यावरच तो सावरला.

दुसरी वाट जपानच्या किंदाई विद्यापीठाने काढली. १९७० साली काम सुरू केलं आणि २००२ साली पाळलेल्या माशाच्या अंड्यातून वाढलेल्या माशांनी पुन्हा अंडी घातली. पुरी बत्तीस वर्षं. मधल्या काळात पिल्लं काय काय कारणांनी मेली याची यादीच त्या कामाची खरी कमाई आहे. पहिल्या काही दिवसांत पिल्लं पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून मरत, पुढे रात्री तळाशी बुडून मरत, जरा मोठी झाली की एकमेकांना खात, आणि बोटभर झाल्यावर दचकून वेगाने जाऊन भिंतीवर आपटत. रात्री दिवा चालू ठेवला तर आपटणं कमी होतं, हेही असंच पाहून पाहून कळलं.

पिवळ्या पंखांच्या कुप्याबद्दल कुणी विचारलंच तर: पनामातल्या आचोतिनेस प्रयोगशाळेत तो १९९६ पासून टाकीत अंडी घालतो आहे. पण टाकीतली अंडी आणि किनाऱ्यावरच्या माणसाला परवडणारा धंदा यांत अजून मोठं अंतर आहे.

यातून दोन प्रश्न हाती लागतात आणि ते चणकालाही विचारायचे. बी, म्हणजे पिल्लं, कुठून येतं? खायला काय आणि किती लागतं? चणकाचं पहिलं उत्तर चांगलं आहे. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने १९९७ सालीच त्याचं बंदिस्त प्रजनन साधलं आणि आज बी हॅचरीतून (अंडी उबवण्याच्या केंद्रातून) मिळतं, खाडीतून पकडावं लागत नाही. दुसऱ्या उत्तरासाठी मात्र वही-पेन घेऊन बसावं लागतं. ते पुढे येईलच.

पहिली पायरी: कॅलेंडर

गोव्यात जागेच्याही आधी महिने ठरवायचे. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते आणि त्या काळात उघड्या समुद्रात पिंजरा टिकवणं म्हणजे लोखंड आणि मासा दोन्ही दर्याला देणं. इतकं सगळ्यांना ठाऊक असतं. पावसाळा ओसरल्यावरचा धोका मात्र बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात खोल समुद्रातलं कमी प्राणवायूचं पाणी वर सरकून किनाऱ्याजवळच्या उथळ पट्ट्यात येतं. वर पावसाच्या गोड्या पाण्याचा थर पसरलेला असतो, त्यामुळे खालच्या पाण्यात हवा मिसळत नाही आणि तळाचा प्राणवायू जवळजवळ संपतो. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने कांदोळीसमोरच्या समुद्रात वर्षानुवर्षं हे मोजलं आहे. मोकळा मासा बाजूला पळतो, पिंजऱ्यातला कुठे जाणार?

वादळंही हंगामाच्या दोन्ही टोकांना असतात. ओखी २०१७ च्या डिसेंबरच्या तोंडावर, क्यार २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये, तौक्ते २०२१ च्या मे महिन्यात. म्हणून माझं मत असं की समुद्रातला मुक्काम नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत, जेमतेम साडेपाच महिने धरावा. मे महिना उरला म्हणून वजन वाढवत बसू नये.

साडेपाच महिन्यांत बोटभर पिल्लू एक किलोचं होत नाही. म्हणून समुद्रात सोडताना मासा निदान १०० ग्रॅमचा हवा. याचा अर्थ पावसाळ्याचे चार महिने जमिनीवर रोपवाटिका चालवायची. हा भाग जमला तर पुढचं सोपं जातं.

दुसरी पायरी: पावसाळी रोपवाटिका

चणक गोड्या पाण्यातही राहतो आणि खाऱ्यातही. जुलैत खाडीचं पाणी जवळपास गोडं होतं तेव्हा इतर समुद्री मासे तग धरत नाहीत, हा धरतो. त्यामुळे मानशीच्या (खाडीचं पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दाराच्या) आतलं जुनं तळं किंवा बांधलेली टाकी, दोन्ही चालतात.

एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. भात पिकणारं खाजन (खाडीकाठची बांध घातलेली सखल जमीन) यासाठी वापरू नका. मासळीसाठी मानस उघडी ठेवून किंवा बांध फोडून शेतात खारं पाणी घेतल्याच्या तक्रारी गोव्यातल्या कुळांना नव्या नाहीत, आणि एकदा मीठ मुरलेली जमीन पुन्हा पिकायला वर्षं जातात. जिथे आधीपासून तळं आहे तिथेच करा. खारफुटी तोडून जागा काढण्याचा तर विचारही नको. कायदाही आडवा येईल आणि पुढच्या पावसात तोच बांध खचेल.

बी हॅचरीतून येतं. तमिळनाडूत तिरुमुल्लैवासल इथे राजीव गांधी जलजीवपालन केंद्राची चणकाची हॅचरी आहे. मागणी आधी नोंदवावी लागते. बी घेताना दोन गोष्टी मागा: एकाच आकाराची पिल्लं आणि नोडा विषाणूची पीसीआर चाचणी. हा विषाणू पिल्लांच्या मेंदूवर आणि डोळ्यांवर जातो. पिल्लं गिरक्या घेत पोहायला लागली की उपाय उरत नाही, म्हणून चाचणी आधीच हवी. पॅकिंगच्या आदल्या दिवशी त्यांना उपाशी ठेवलेलं असावं, नाहीतर पिशवीतलं पाणी वाटेतच खराब होतं.

पिल्लं आल्यावर पिशव्या अर्धा तास तळ्यात तरंगत ठेवा, मग तळ्याचं पाणी थोडं थोडं पिशवीत घाला. घाई नको. त्यांना थेट तळ्यात न सोडता बारीक जाळीच्या हाप्यात (पाण्यात टांगलेल्या जाळीच्या पेटीत) ठेवा, म्हणजे रोज डोळ्यांसमोर राहतात.

आणि आठवड्याला चाळणी. ब्लूफिनची पिल्लं एकमेकांना खातात, तसा चणकही खातो. आपल्या निम्म्याहून अधिक लांबीचं भावंड तो सहज गिळतो आणि कधी कधी ते घशात अडकून दोघंही मरतात. दर सात-आठ दिवसांनी लहान, मध्यम, मोठी असे तीन गट वेगळे करायचे. कंटाळवाणं काम आहे, पण रोपवाटिकेत निम्मी पिल्लं गेल्याचं कारण विचाराल तर बहुतेक वेळा हेच निघतं. सुरुवातीला दिवसातून चार वेळा खाणं, शरीराच्या वजनाच्या आठ-दहा टक्के. पुढे ते उतरवत आणायचं. भुकेली पिल्लं भावंडांवर तोंड टाकतात.

पाऊस थांबला की ऑक्टोबरात खाडीचं पाणी हळूहळू खारट होत जातं. ते तळ्यात भरती-सुकतीबरोबर घेत राहा. समुद्रात नेण्याआधी काही दिवस मासा जवळपास समुद्राइतक्या खाऱ्या पाण्यात राहिलेला हवा.

तिसरी पायरी: जागा आणि जागेवरचा हक्क

जागा नकाशावर सापडत नाही. उधाणाला (मोठ्या भरतीला) आणि भांगाला (लहान भरतीला), दोन्ही वेळी होडी घेऊन जा. ओहोटीच्या शेवटीही निदान दहा मीटर खोली हवी, म्हणजे जाळ्याच्या तळाखाली पाच-सहा मीटर मोकळं पाणी राहतं आणि विष्ठा साचून पिंजऱ्यालाच बाधत नाही. प्रवाह असावा, पण जाळं आडवं करणारा नको. विरघळलेला प्राणवायू लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर असायला हवा आणि तो पहाटे मोजायचा, कारण तेव्हाच तो सगळ्यात कमी असतो. बेटाच्या किंवा डोंगराच्या आडोशाला मिळालं तर उत्तम. काणकोणच्या बाजूला असे आडोसे आहेत, आणि पलीकडे कारवारला केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेचं केंद्र आहे. तिथले पिंजरे बघून या. लेख वाचण्यापेक्षा तो एक दिवस जास्त शिकवेल.

आता लोकांचा प्रश्न. तुम्हाला रिकामं दिसणारं पाणी कुणाच्या तरी रापणीचं (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचं) असतं. रापणकार, गळ टाकणारे, कांडाळी (पाण्यात उभी लावायची जाळी) लावणारे, या सगळ्यांची वहिवाट असते, भले ती कागदावर नसो. परवान्याआधी त्यांच्याशी बोला, आणि शक्यतो त्यांच्यातल्याच चार घरांचा गट करून धंदा करा. पिंजऱ्याला राखण लागते. शेजारी विरोधात असतील तर कितीही पहारा ठेवा, एक दिवस जाळं फाटलेलं मिळेल.

कागदोपत्री: किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतच्या मासेमारीवर राज्याचा अधिकार चालतो, म्हणून सुरुवात गोवा सरकारच्या मत्स्योद्योग खात्यापासून करायची. जलवाहतुकीसाठी कॅप्टन ऑफ पोर्ट्स, म्हणजे राज्याचं बंदर खातं, किनारी नियमनासाठी गोवा किनारी विभाग व्यवस्थापन प्राधिकरण. किनारी जलजीवपालनाच्या २००५ च्या कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली आणि पिंजरापालनही त्याच्या कक्षेत आलं, तेव्हा नोंदणीचं आधी विचारून घ्या. पंतप्रधान मत्स्य संपदा योजनेत १०० ते १२० घनमीटरच्या पिंजऱ्यासाठी ५ लाख रुपयांचा खर्च धरून सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के साहाय्य ठेवलं होतं. पण अनुदानाचे पैसे बहुधा मागून येतात, भांडवल आधी घालावं लागतं. अनुदान हातात पडेल या भरवशावर बी मागवू नका.

चौथी पायरी: पिंजरा आणि नांगर

सहा मीटर व्यासाचा गोल पिंजरा आणि चार मीटर खोल जाळं, म्हणजे साधारण ११३ घनमीटर पाणी. सुरुवातीला एवढंच. चौकट एचडीपीईची (टणक प्लॅस्टिकच्या पाइपांची) असेल तर महाग पडते पण लाटेबरोबर वाकते. जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपांची स्वस्त, पण तिला गंज आणि जोड सांभाळावे लागतात.

जाळी दोन. आतलं माशाचं, त्याची वीण माशाच्या आकाराबरोबर १८ मिलिमीटरपासून ४० पर्यंत बदलत न्यायची. बाहेरचं जाड, मोठ्या विणीचं, बाहेरच्या शिकारी माशांना थोपवणारं. वरून पक्ष्यांसाठी झाकण. जाळ्याच्या बुडाला वजनदार कडं लावलं नाही तर प्रवाहात जाळं गोळा होतं आणि मासा कोपऱ्यात चेपतो.

खर्च वाचवायचा तर चौकटीत वाचवा, नांगरात नको. दगड भरलेल्या जाळीदार पेट्या किंवा काँक्रीटचे ठोकळे, मिळून काही टनांचं वजन, त्याला जाड साखळी आणि मध्ये झटका शोषणारे तरंगते पिंप. एका जागी बांधलेला पिंजरा वारा-प्रवाहाबरोबर त्या बिंदूभोवती फिरतो, त्यामुळे घाण एकाच ठिकाणी साचत नाही. मात्र फिरायला जागा ठेवा. साखळीचे शॅकल (जोडणाऱ्या कड्या) दर पंधरवड्याला पाण्यात उतरून बघणारा माणूस गटात हवाच. वर पिवळे बोये आणि सौर ऊर्जेवर लुकलुकणारा दिवा लावा, नाहीतर पहाटेचा ट्रॉलर सरळ अंगावर येईल.

पाचवी पायरी: खाणं, म्हणजे खरा धंदा

वही उघडा. १०० ग्रॅमचे १,२०० मासे सोडले, म्हणजे १२० किलो. शंभरातले ऐंशी जगले आणि सरासरी एक किलोचे झाले, म्हणजे ९६० किलो. निव्वळ वाढ ८४० किलो.

ही वाढ ओली मासळी घालून काढायची तर किलोला सहा किलो धरा: पाच टन मासळी. ब्लूफिनच्या दराने, किलोला पंधरा, साडेबारा टन. आणि ही मासळी म्हणजे तारले, बारीक बांगडे. ज्या घरात इसवण (सुरमई) परवडत नाही तिथल्या हुमणात (माशाच्या आमटीत) पडणारी. हॉटेलातल्या पाहुण्याच्या चणकासाठी ती समुद्रातून उपसायची, याला शाश्वत म्हणणं माझ्या जिभेवर येत नाही.

तयार गोळी खाद्य घातलं, ४० ते ४५ टक्के प्रथिनांचं, तर किलोला १.८ किलोच्या आसपास लागतं: दीड टन. आता हिशेब इथे थांबवू नका, बहुतेक जण थांबवतात. गोळीत समजा २५ टक्के फिशमील (वाळवून दळलेली मासळी) आहे, म्हणजे ३७५ किलो. एक किलो फिशमीलला साधारण साडेचार किलो मासळी जाते, म्हणजे १,७०० किलोच्या आसपास. अजूनही एक किलो चणकामागे दोन किलो मासळी गेलीच. ओल्या मासळीपेक्षा तिप्पट बरं, पण हात स्वच्छ नाहीत. म्हणून खाद्य विकत घेताना पिशवीवरचं प्रथिनांचं प्रमाण वाचून समाधान मानू नका. फिशमील किती आणि ते आख्ख्या माशाचं की प्रक्रिया कारखान्यातल्या डोकी-काट्यांचं, हे विक्रेत्याला विचारा. उत्तर देता येत नसेल तर दुसरा विक्रेता बघा.

गोळी तरंगणारी किंवा सावकाश बुडणारी हवी. चणक तळाला पडलेलं उचलत नाही. ते वायाही जातं आणि खालचं पाणीही नासवतं. यंत्राने टाकू नका, हाताने टाका. पहिल्या मुठीला पाणी उसळतं, ते शांत होऊ लागलं की थांबा. दिवसातून दोनदा पुरे. एखाद्या सकाळी मासा वर आलाच नाही तर खाणं बंद करून प्राणवायू मोजा.

खर्चातला निम्म्याहून जास्त वाटा खाद्याचा असतो. म्हणून रोज टाकलेलं खाद्य आणि पंधरवड्याला तीस-चाळीस मासे काढून घेतलेलं सरासरी वजन, एवढे दोन आकडे तरी न चुकता लिहा. खाद्याचं गुणोत्तर (एक किलो वाढीमागे लागलेलं खाद्य) अडीचच्या वर जायला लागलं की कुठेतरी गळती आहे: मासा आजारी आहे, जाळं फाटलंय किंवा खाद्य पिंजऱ्याबाहेर चाललंय.

रोजची देखभाल

जाळ्यावर शेवाळ, शिंपले, शिनाणे (काळपट-हिरव्या लांबट कवचांची) बसतात आणि पाणी खेळेनासं होतं. तीन-चार आठवड्यांनी आतलं जाळं बदला आणि जुनं कडक उन्हात वाळवून झाडा. रसायनात बुडवण्याची गरज नाही. शिनाण्यांना एवढी जागा आवडत असेल तर शेजारी दोर सोडून तीच वाढवा. ती पाण्यातले कण गाळून खातात आणि मार्चमध्ये विकलीही जातात. पिंजऱ्याच्या नफ्यापेक्षा हा जोडधंदा लहान आहे, पण त्याला खाद्य लागत नाही.

माशाच्या अंगावर समुद्री उवा दिसल्या, किंवा तो जाळ्याला अंग घासायला लागला, तर हवेचा पंप लावलेल्या गोड्या पाण्याच्या टाकीत पाच-दहा मिनिटं बुडवून परत सोडा. चणक ते सहन करतो, ऊ करत नाही. प्रतिजैविकं खाद्यात मिसळण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. मेलेला मासा त्याच दिवशी काढून किनाऱ्यावर पुरा.

काढणी

एकाच दिवशी टनभर मासा बाजारात नेलात तर भाव तुम्हीच पाडाल. मार्चपासून आठवड्याला थोडा थोडा, मोठा मासा आधी, थेट हॉटेलांना आणि ठरलेल्या गिऱ्हाइकांना द्या. २०१८ सालच्या फॉर्मेलिनच्या गदारोळापासून गोव्यातलं गिऱ्हाईक मासळी कुठून आली हे विचारतं. तुमच्याकडे उत्तर आहे आणि त्याचे चार पैसे जास्त मिळतात.

इथेही ब्लूफिनवाल्यांचं ऐकावं. झगडत मेलेल्या टुनाचं अंग इतकं तापतं की मांस फिकट, मऊ होऊन भाव कोसळतो. म्हणून ते क्षणात मारून, रक्त काढून, लगेच बर्फाच्या पाण्यात घालतात. चणक लहान, पण तत्त्व तेच. आदला दिवस उपाशी, मासे न दमवता जाळ्याने थोडे थोडे काढायचे, डोक्यात टोचून मारायचे, कल्ल्याखाली चीर देऊन रक्त जाऊ द्यायचं आणि बर्फ-पाण्याच्या पिंपात टाकायचे. नुसत्या बर्फाच्या तुकड्यांवर ठेवलेला मासा वरून गार, आतून कोमट राहतो.

एप्रिल संपता संपता जाळी काढा आणि चौकट नदीच्या आत ओढून न्या. नांगर तिथेच राहू दे, पण त्यावर पावसाळ्यातही ओळखू येईल असा बोया ठेवा आणि त्याची जागा जेटीवरच्या बोटवाल्यांना सांगून ठेवा. पुढच्या हंगामात शक्य असेल तर पिंजरा शंभरेक मीटर सरकवून लावा, म्हणजे खालच्या तळाला वर्षभर मोकळीक मिळते. हॅचरीकडे जुलैच्या बियाची मागणी मात्र एप्रिलमध्येच नोंदवायची असते. त्यावेळी वहीत बघून आकडा ठरवा: १,२०० पैकी ऐंशी टक्के जगले नसतील तर पुढच्या वर्षी दुसरा पिंजरा घेऊ नका.